राबत्याच्या खुणा

१

दर गुरुवारी मला सुट्टी असते आणि दर गुरुवारी मी माझ्या रिकाम्या फ्लॅटवर नळ सोडायला जायचो. यात हसण्यासारखं काही नाही. बंद घराचे नळ आठवड्यातून एकदा सोडावेच लागतात, नाहीतर सिंकखालच्या वाकड्या नळीतलं पाणी सुकतं आणि गटाराचा वास घरात शिरतो. मग खिडक्या उघडायच्या, संडासाची टाकी एकदा ओढायची, दाराखालून सरकवलेले कागद गोळा करायचे, विजेच्या मीटरवरचा आकडा वहीत उतरवायचा आणि तासाभराने सगळं लावून घेऊन दादाच्या घरी परत. लोक घर घेतात आणि राहायला जातात. मी घर घेतलं आणि दोन वर्षं चार महिने त्याची राखण केली.

माझा धंदाच तसला. नवी इमारत तयार झाली की ताबा देण्याआधी तिच्यातली खोट काढायला मला पाठवतात. फरशीवर नाण्याने ठोकायचं. भरीव वाजली तर सोडून द्यायची, पोकळ वाजली तर खडूने फुली. भिंतीला पट्टी लावायची, दाराच्या फटी मोजायच्या, बाथरूमच्या फरशीवर पाणी ओतून ते कुठे थांबतं ते बघायचं. कामावर मला ठकठक साहेब म्हणतात, अर्थात पाठीमागे. चोवीस वर्षांत मी हजारो घरं ठोकून पाहिली आणि त्यातलं एकही धड निघालं नाही. तेव्हा जन्मभर दुसऱ्यांच्या घरांना नावं ठेवायची आणि स्वतः मात्र पोकळ फरशीवर संसार मांडायचा, हे मला जमण्यातलं नव्हतं. किल्ल्या मिळाल्या त्याच दिवशी मी यादी केली. एकसष्ट दोष निघाले.

त्या दिवशी बायको बरोबर होती. ती खोल्यांतून एकदा फिरली आणि स्वयंपाकघरात ओट्याशी जाऊन उभी राहिली. मी बाथरूममध्ये उतार मोजत होतो. तिथून मला तिचा आवाज आला, "आज इथेच राहू या का? एक चटई पुरेल."

मी आतूनच सांगितलं, की वेड लागलंय का, अर्धी फरशी पोकळ आहे. सगळं झालं की दाखवतो म्हटलं. त्यानंतर मी तिला तिथे नेलं नाही, आणि पहिले सहा महिने सोडले तर तिनेही पुन्हा विषय काढला नाही.

२

आम्ही दादाकडे राहायचो. लग्न झाल्यापासून, म्हणजे एकोणीस वर्षं. घर दादाचं, स्वयंपाकघर वहिनीचं, आणि मागची एक खोली आमची. आम्हाला मूल नाही, त्यामुळे दादाच्या हिशेबी आम्हाला जागाही फारशी लागत नाही. वहिनी वाईट नाही. पण गॅस तिच्या वेळेला पेटायचा आणि तिच्या वेळेला विझायचा. माझी बायको पहाटे उठणारी. उठून अंथरुणावर बसून राहायची, वहिनीच्या खोलीचं दार वाजेपर्यंत. स्वतःच्या घरात काय हवंय असं मी एकदा विचारलं होतं, तेव्हा म्हणाली, उठल्याबरोबर माझा मी चहा करीन. एवढंच. एका बाईची एवढीच मागणी होती आणि मी तिला फरशीचं कारण सांगत होतो.

अर्थात हे आज कळतंय. तेव्हा वाटायचं, तिच्यासाठीच तर करतोय.

एकसष्टचे कमी व्हायला हवे होते. पण फरशी उखडली की भिंतीचा खालचा रंग जायचा, रंग काढला की स्विचच्या पेट्या भरायच्या, त्या मोकळ्या केल्या की गिलावा सुटायचा. दादा जेवताना विचारायचा, "काय ठकठक, महाल कुठवर आला?" आणि वहिनी तोंडाला पदर लावायची. मी वहीत आकडे मांडत बसायचो.

मग एकदा मला कामासाठी तीन आठवडे परगावी राहावं लागलं. परत आल्यावर पहिल्याच गुरुवारी फ्लॅटवर गेलो. भर उन्हाळा, तीन आठवडे बंद घर. दार उघडण्याआधी मी नाकाला रुमाल लावला होता. वास आला नाही. सिंकपाशी गेलो तर जाळीखाली पाणी भरलेलं, आणि सिंकच्या तळाशी थेंब. सुकत आलेले नाही, ताजे.

मी मुकाट्याने वही काढली आणि सत्त्याऐंशीवा दोष लिहिला. स्वयंपाकघरातला नळ गळतो.

३

प्लंबर मंगळवारी जाणार होता. एक किल्ली मी समोरच्या काकूंकडे ठेवलेली असायची, कामाची माणसं ती घेऊन जायची. संध्याकाळी त्याचा फोन आला. म्हणाला, साहेब, नळ ठणठणीत आहे, उगाच मला तीन जिने चढवलेत. ताईसुद्धा म्हणाल्या, गळत वगैरे काही नाही.

मी विचारलं, कोण ताई?

तो म्हणाला, "घरातल्या. दार त्यांनीच उघडलं की. चहाही दिला."

मी फोन ठेवला आणि सरळ स्वयंपाकघरात गेलो. बायको वहिनीची भांडी विसळत होती. तिला मी काय काय बोललो ते सगळं इथे सांगत नाही. ताकाला जाऊन भांडं का लपवतेस, असं म्हणालो. चोरून जायचं होतं तर माझ्या तोंडाला काळं कशाला फासलंस, असंही म्हणालो. तिने नळ बंद केला, हात पुसले.

"मला जायचं असतं तर चोरून कशाला गेले असते?" ती म्हणाली. "आणि माझ्याकडे किल्ली कुठाय?"

वहिनीने बाहेरूनच सांगितलं, की ती दिवसभर माझ्याबरोबर गाद्या उन्हात घालत होती, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलेलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा वहिनी तिच्या बाजूने बोलली. तरीही मी जाऊन बायकोच्या चपलांचे तळवे बघून आलो. कामाची सवय, दुसरं काय. चपला कोरड्या होत्या आणि पट्ट्याला धूळ बसली होती.

म्हणजे कुणीतरी परकी बाई माझ्या घरात शिरत होती. ही गोष्ट मला चक्क बरी वाटली. परक्या माणसाला उपाय असतो. दुसऱ्या दिवशी मी कुलूप बदललं आणि तिन्ही किल्ल्या स्वतःच्या खिशात ठेवल्या.

४

काकूंकडून जुनी किल्ली परत घ्यायला गेलो तेव्हा त्या जिन्यातच भेटल्या. बाई एकट्या राहतात, सत्तरीच्या पुढे आहेत, कान शाबूत आहेत. किल्ली देताना जरा हिरमुसल्या. शेजारी एक किल्ली असलेली बरी असते हो, म्हणाल्या, कधी माणूस बाहेर अडकतं.

मी म्हटलं, अडकायला तिथे राहतंय कोण? आम्ही अजून यायचोय.

त्या हसल्या. मी गंमत करतोय असं त्यांना वाटलं. मग माझ्या तोंडाकडे बघून हसू आवरलं आणि म्हणाल्या, "तुम्ही दोघं पहिल्याच दिवशी राहायला आलात, म्हणून तर मला धीर आला. नाहीतर या मजल्यावर मी एकटीच होते. दुपारी तुमचं हसणं ऐकू येतं ना, बरं वाटतं."

म्हातारपण, मी मनाशी म्हटलं. भिंतीला भिंत लागून असते, खालच्या मजल्यावरचा आवाज नळांच्या पोकळीतून वर चढतो, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? मी त्यांना तेच समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, दार लावलं आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला.

मीटर मात्र म्हातारा नव्हता. वही उघडली तर पहिल्या आठवड्यापासून आकडा चढत होता; मी तो नुसता उतरवत आलो होतो, वजाबाकी कधी केली नव्हती. दिवसाला साधारण तीन युनिट. म्हणजे एक फ्रिज, दोन पंखे, दिवे, कधीमधी इस्त्री. घरात होल्डरमध्ये एक दिवासुद्धा नव्हता, नुसत्या वायरी लोंबत होत्या. मी मेन स्विच पाडला, वर कागद चिकटवून त्यावर सही केली. पुढच्या गुरुवारी कागद आणि सही होती तशी होती. आकडा एकवीसने वाढला होता.

मीटर सदोष, असं मी वहीत लिहिलं.

५

त्याच आठवड्यात मी एक दिवस रजा काढली आणि सकाळी दहा वाजता, चांगल्या उजेडात, माझंच घर रीतसर तपासायला घेतलं. दोष शोधायला नव्हे. दुसऱ्याच गोष्टीसाठी.

नवं घर आणि राबतं घर यांत फरक असतो. बिल्डर कधीकधी वापरलेला नमुना फ्लॅट रंग मारून नवा म्हणून खपवतात, तो मी दहा मिनिटांत ओळखतो. माणूस राहिला की खुणा सोडतोच. कितीही पुसलं तरी त्या जात नाहीत, कारण त्या मळाच्या नसतात, सवयीच्या असतात.

मी ओट्यापाशी गुडघ्यांवर बसलो आणि गाल फरशीला टेकवून तिरकं बघितलं. ओट्यासमोरच्या दोन फरश्यांची चकाकी गेली होती. रोज तासन्‌तास एकाच जागी कुणीतरी उभं राहत असल्याशिवाय तसं होत नाही. तिथून सिंकपर्यंत एक फिकट पट्टा, सिंकपासून दारापर्यंत दुसरा. बेडरूमच्या दाराची कड हाताच्या उंचीवर काळपट झाली होती. बाल्कनीच्या उंबऱ्याचा कोपरा झिजून गुळगुळीत. बाथरूमच्या स्विचभोवती बोटांचे ठसे, ओल्या हाताने चाचपत दिवा लावणाऱ्या माणसाचे. मी एकेक बघत गेलो आणि मनातल्या मनात नेहमीसारखा अंदाज बांधत गेलो. वापर दोन ते अडीच वर्षं. माणसं दोन. मुलं नाहीत. घर नीट ठेवतात.

ज्या फरश्या मी तीनदा उखडून बसवल्या होत्या, त्यांचीही चकाकी तितकीच गेली होती. त्यांतल्या सगळ्यांत नव्या फरश्या महिन्याभरापूर्वी बसवलेल्या होत्या.

मग बेडरूममध्ये गेलो. रिकामी खोली, चार भिंती, पलंग नाही, खिळासुद्धा नाही. खिडकीसमोरच्या भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, दोन डाग होते. तेलाचे. पलंगावर भिंतीला टेकून दोघांनी रोज बसावं, गप्पा माराव्यात, तर पडतात तसे. दोन्हींत वीतभरसुद्धा अंतर नव्हतं. डोकी एकमेकांकडे झुकलेली असणार.

पलंगाच्या उंचीचा अंदाज घेऊन मी भिंतीला पाठ लावली, गुडघे वाकवून तेवढाच खाली झालो. उंच डाग बरोबर माझ्या डोक्यामागे आला. मी तसाच क्षणभर राहिलो. भिंत थंड असायला हवी होती, ती नव्हती.

दादाच्या घरी आम्ही दोघं असे कधी बसलेलो मला आठवेना. आमच्या खोलीत भिंतीला कपाट आहे.

हे मी यादीत लिहिलं नाही.

६

त्या दिवशी घरी आलो तर बायको पलंगाखालची पत्र्याची पेटी पुसत होती. ती पेटी नव्या घराची. ताबा मिळायच्या आधीपासून ती त्यात काय काय साठवत होती, सहा कप, चादरी, चहाची गाळणी, खिडक्यांची मापं घेऊन शिवलेले पडदे. पेटी रिकामी होती. मी विचारलं तर म्हणाली, वहिनीच्या लेकीने नवं बिऱ्हाड केलंय, तिला देऊन टाकलं. पडून पडून खराबच होत होतं.

रागावलेली नव्हती. ती रागावत नाही हल्ली, हे मला तेव्हा जाणवलं. किती दिवसांपासून रागावत नाही ते मात्र आठवेना. तिच्या कपाळावरचे केस पांढरे झाले होते. माझ्या घराच्या भिंतीवरचा केसभर तडा मला पाच पावलांवरून दिसायचा आणि हे दिसलं नव्हतं. मला स्वतःची इतकी चीड आली, की ती मी नेहमीप्रमाणे तिच्यावर काढणार होतो. पण आवरलं.

"गुरुवारी राहायला जाऊ," मी म्हणालो.

तिने फडकं खाली ठेवलं. "यादी संपली?"

"संपली."

यादी अठ्ठ्याऐंशीवर गेली होती. आणि खरं सांगायचं तर प्रेमाने वगैरे नेत नव्हतो मी तिला. मला भीती वाटत होती. माझ्या घरावर कुणीतरी वहिवाट सांगत होतं आणि त्याआधी मला माझं माणूस आत बसवायचं होतं. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात ते आमच्यासारख्यांसाठीच.

पण बुधवारी तिने केस धुतले. वहिनीकडून इस्त्री मागून घेऊन स्वतःचे ठेवणीतले कपडे काढले. वहिनीने तिच्यासाठी एक भांडं काढून ठेवलं आणि उगाच डोळे पुसले. दादा म्हणाला, चला, एकदाचं घोडं गंगेत न्हालं. बायको हसली. ते हसू बघून मला वाटलं, अजून वेळ गेलेली नाही.

७

गुरुवारी बाराच्या सुमारास आम्ही पोचलो. दोन बॅगा आणि एक वळकटी. तिसरा मजला चढताना ती प्रत्येक वळणावर थांबत होती, पण बॅग माझ्याकडे देत नव्हती. मीही मागितली नाही. काकूंचं दार बंद होतं.

मी कुलपात किल्ली फिरवली. किल्ली फिरली. दार हललं नाही. आतून कडी होती.

स्वयंपाकघराची एक लहानशी खिडकी जिन्याच्या बाजूला उघडते, हवेसाठी. ती दोन बोटं उघडी होती. तिच्यातून कांदा परतल्याचा वास येत होता. नळ चालू होता. मी दारावर मूठ आपटली. नळ थांबला.

आतून माझ्या बायकोच्या आवाजात कुणीतरी विचारलं, "कोण आहे?"

माझी बायको माझ्या शेजारी उभी होती. तिचे ओठ मिटलेले होते. तिने बॅग हळूच खाली ठेवली आणि खिडकीपाशी जाऊन आत बघितलं.

मी होतो तिथून मला फक्त ओट्याची कड दिसली आणि तिच्यावरून फडकं फिरवणारा एक हात. मनगटापर्यंतच. ते मनगट मी एकोणीस वर्षं बघत आलोय. फक्त हे भरलेलं होतं, त्याची हाडं दिसत नव्हती. मी पुढे सरकणार, तोच तो हात उजेडातून बाजूला झाला.

बायको बराच वेळ बघत राहिली. चांगल्या घरी पडलेल्या धाकट्या बहिणीकडे बघावं तशी बघत होती. भीती नव्हती तिच्या चेहऱ्यावर. मी तिला बाजूला हो म्हटलं, दार तोडतो म्हटलं. तिने माझा दंड धरला.

"नको. त्यांची जेवायची वेळ झालीये."

"घर आपलं आहे," मी म्हणालो. "कागद आपल्या नावावर आहेत."

"कागद असू देत." ती अगदी हळू बोलत होती, आत ऐकू जाऊ नये म्हणून. "तिला कुणीतरी वेळेवर आणलं हो. नांदतेय ती. तिचं कशाला मोडता?"

मला काहीतरी बोलायचं होतं. माफी मागायची होती असं म्हणतो आता, पण तेव्हा मी पुन्हा कागदांचंच काहीतरी बोललो. ती ऐकायला थांबली नाही. वाकून बॅग उचलली, कठड्याला धरलं आणि एकेक पायरी उतरायला लागली. वळणावर तिने एकदा वर बघितलं, माझ्याकडे नव्हे, त्या खिडकीकडे. मग दिसेनाशी झाली.

मी वळकटी काखेत घेऊन तिथेच उभा होतो. आत खुर्ची सरकली. एक माणूस म्हणाला, "तू बस गं, दमलीयेस. मी बघतो कोण आहे ते."

आवाज माझा होता. शब्द माझे नव्हते. मी आजवर तिला असं कधी म्हटलेलं नाही.

पावलं दाराकडे यायला लागली, सावकाश, आपल्या घरात माणूस चालतो तशी. मी थांबू शकलो असतो. तो समोर आला असता, मी त्याला बघितलं असतं, काय ते एकदा मिटलं असतं. पण त्या माणसाला तोंड दाखवायची माझी हिंमत झाली नाही. मी पळालो. दोन-दोन पायऱ्या टाकत, वळकटी भिंतीवर घासत.

कडी निघाल्याचा आवाज आला तेव्हा मी दुसऱ्या मजल्यावर होतो. वरून त्याने विचारलं, "कुणी आलं होतं का? काही हवं होतं?" खूप आपुलकीने विचारलं. मी खाली उतरत राहिलो.